स्कॅनची तयारी कुठे व्हावी : भिवापुरात की नागपुरात?

मेंदूचा एमआरआय काढताना मुलाला साधारण वीस ते चाळीस मिनिटे डोके जराही न हलवता पडून राहावे लागते. जागा अरुंद, आवाज कानठळ्या बसवणारा, खोली थंड आणि माणसे अनोळखी. मोठ्यांनाही हे जड जाते. ज्या मुलाला सूचना समजायला वेळ लागतो, अनोळखी स्पर्श किंवा आवाज सहन होत नाही, अथवा ज्याचे हातपाय क्षणभर स्वस्थ राहत नाहीत, त्याच्यासाठी ही तपासणी दुखण्याहून मोठे संकट ठरू शकते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अतिचंचलता आणि वाचन-लेखन-गणिताशी निगडित अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा यात समावेश होतो. प्रत्येकाची अडचण निराळी, त्यामुळे मदतही निराळी लागते.

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या, मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूर तालुक्यातल्या कुटुंबापुढे या अडचणीत अंतराची भर पडते. साधा एक्स-रे जवळपास निघू शकतो. एमआरआयसाठी मात्र उमरेडमार्गे सुमारे पाऊणशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. नागपूर–नागभीड नॅरोगेज रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली आणि प्रवासाचा भार एसटीवर व खासगी गाड्यांवर आला. पहाटे निघायचे, मेडिकलला म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मिहानमधल्या एम्समध्ये किंवा एखाद्या खासगी केंद्रात नंबर लावायचा, आणि मूल स्थिर राहिले नाही तर पुढची तारीख घेऊन परतायचे. सातऱ्यावर, म्हणजे मिरची साफ करण्याच्या जागी, देठ खुडणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

अशा मुलाची तपासणी कशी पार पाडावी याबद्दल दोन मते आग्रहाने मांडली जातात. एक मत भूल देणाऱ्यांचे : गुंगीचे औषध द्यावे, फोटो एकदाच पण स्वच्छ काढावा आणि कुटुंबाला मोकळे करावे. दुसरे मत विशेष शिक्षकांचे : मुलाची आधी घरी व शाळेत तयारी करून घ्यावी, म्हणजे बहुतेक वेळा औषधाची गरजच पडणार नाही. पुढच्या संवादात ही दोन मते समोरासमोर ठेवली आहेत. बोलणारे दोघे त्या त्या कामातल्या माणसांच्या भूमिका मांडतात. ते कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत.

शिक्षिका : डॉक्टर, गुंगीचं नंतर बोलू. आधी हे सांगा, तपासणी हवीच असते का? तिसरी-चौथीतलं लेकरू वाचताना अडखळतं, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत गफलत करतं, वजाबाकीत अडकतं. कोणीतरी सांगतं, मेंदूचा फोटो काढून आणा. मग घरचे उसनवारी करून नागपूर गाठतात.

भूलतज्ज्ञ : एवढ्यासाठी एमआरआय लागत नाही, मॅडम. वाचनाची किंवा गणिताची अक्षमता नेहमीच्या फोटोत दिसत नाही. फोटो नॉर्मल येतो आणि अडचण जिथल्या तिथे राहते. नुसती चंचलता असेल, नुसती स्वमग्नता असेल, तरीही सरसकट फोटो काढायचं कारण नाही. पण झटके येत असतील, डोक्याचा घेर वयाच्या मानाने फार लहान किंवा फार मोठा असेल, एका बाजूचे हातपाय कमजोर असतील, येत असलेलं बोलणं-चालणं जायला लागलं असेल, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होत असेल, तर फोटो टाळणं धोक्याचं. तिथे मुलाला त्रास होईल म्हणून थांबू नका.

या मुद्द्यावर दोघांत फारसे अंतर नाही. अध्ययन अक्षमतेचे निदान मानसशास्त्रीय व शैक्षणिक चाचण्यांनी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट झाली, आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिच्या निदानासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची चाचणीमाला नेमून दिली. स्कॅन हा त्या निदानाचा आधार नाही. म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना पालकांनी एक प्रश्न जरूर विचारावा : या फोटोत काय सापडले तर उपचार बदलेल? ज्या तपासणीला या प्रश्नाचे ठोस उत्तर आहे तिच्यासाठीच मुलाला इतक्या दूर न्यावे. मूल हलते म्हणून एमआरआयऐवजी सीटी काढून घेऊ, असा परस्पर बदलही करू नये. सीटी काही सेकंदांत उरकतो, पण त्यात क्ष-किरणांचा मारा असतो आणि काही दोष त्यात नीट दिसत नाहीत. डोक्याला मार लागल्यावर तातडीने करायची तपासणी म्हणून त्याची जागा वेगळी आहे.

एमआरआयचे यंत्र म्हणजे मोठे चुंबक. त्यात क्ष-किरण नसतात. रुग्णालयांत सहसा दीड किंवा तीन टेस्ला क्षमतेची यंत्रे असतात. नळीचे तोंड साठ ते सत्तर सेंटीमीटर रुंद. डोक्याचा फोटो काढताना चेहऱ्यावर प्लास्टिकची जाळीदार चौकट बसवतात, आणि मुलांना सर्वांत जास्त धास्ती तिचीच वाटते. चौकटीला आरसा असेल तर मुलाला नळीबाहेर उभी असलेली आई दिसू शकते. आरसा आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. आवाज शंभर डेसिबलच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो, त्यामुळे कानात बोळे आणि त्यावर हेडफोन दोन्ही लागतात.

एक गोष्ट पालकांना क्वचितच सांगितली जाते. पूर्ण तपासणी म्हणजे अखंड अर्धा तास नव्हे. ती काही मिनिटांच्या तुकड्यांत होते. प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा : कधी ठोकल्यासारखा, कधी घरघर, कधी भोंग्यासारखा. दोन तुकड्यांच्या मधे थोडी शांतता असते. एखाद्या तुकड्यात मूल हलले तर सहसा तेवढाच भाग पुन्हा काढावा लागतो. तयारीची सारी आखणी याच गोष्टीवर उभी राहते, कारण अर्धा तास स्थिर राहणे जवळजवळ अशक्य वाटणाऱ्या मुलाला चार मिनिटे स्थिर राहणे शिकवता येते.

भूलतज्ज्ञ : शिकवता येतं हे मान्य. पण शिकवायला वेळ कोणाकडे आहे? मूल हललं की फोटो पुसट येतो. पुसट फोटोत एखादा बारीक व्रण निसटला तर झटक्यांचं कारण सापडत नाही. बाहेर वीस पेशंट बसलेले असतात. भिवापूरहून आलेल्या माणसाला मी ‘पंधरा दिवस सराव करून या’ असं सांगणं बरं, की औषध देऊन आजच मोकळं करणं बरं? प्रशिक्षित माणूस, ऑक्सिजन, नाडी आणि श्वास दाखवणारी उपकरणं असतील तर गुंगी सुरक्षित आहे.

शिक्षिका : तुमच्या खोलीत सुरक्षित आहे. पण गुंगी तुमच्या खोलीत सुरू होत नाही, डॉक्टर, ती आमच्या घरी आदल्या रात्री सुरू होते. उपाशी ठेवायचं म्हणता ना?

उपाशी ठेवण्याचा नियम भूलशास्त्रात काटेकोर आहे, कारण गुंगीत उलटी झाली तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. हलके जेवण आणि वरचे दूध सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. तळलेले किंवा जड खाल्ले असेल तर आणखी जास्त. सकाळी नऊची वेळ मिळाली तर पहाटे तीननंतर काही खाता येत नाही, म्हणजेच रात्रीच्या जेवणानंतर उपवासच. पाणी सातपर्यंत चालते, पण सातला तर भिवापूरचे कुटुंब गाडीत असते. प्रत्यक्षात नंबर दुपारी बाराला लागला, तर मूल पंधरा-सोळा तास उपाशी राहते. ज्याचा दिवस ठरलेल्या ताटलीतल्या ठरलेल्या पोळीने सुरू होतो अशा स्वमग्न मुलाला हे का घडते आहे, हे समजावणे फार कठीण. यंत्र दिसण्याआधीच त्याचा धीर सुटलेला असतो, आणि मग औषधही अधिक लागते.

भूलतज्ज्ञ : हा दोष उपवासाचा नाही, वेळापत्रकाचा आहे. गुंगी लागणाऱ्या मुलांना सकाळचा पहिला नंबर द्यायला हवा, आणि आदल्या रात्री नागपुरात कोणाकडे राहता येत असेल तर राहायला हवं. पाणीही उगाच बंद करू नये. दोन तास आधीपर्यंत पाजावं. आणि झटक्यांच्या गोळ्या उपवासाच्या नावाखाली चुकवू नका. बहुतेक वेळा त्या घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी द्यायच्या असतात. तारीख घेतानाच डॉक्टरांकडून हे लिहून घ्या. गोळी चुकली आणि वाटेत झटका आला, असं होऊ देऊ नका.

शिक्षिका : आणि ते पातळ औषध? काही ठिकाणी घरूनच पाजून आणा म्हणतात.

भूलतज्ज्ञ : ते कधीच करू नका. गुंगीचं औषध देखरेखीशिवाय देऊ नये, प्रवासात तर नाहीच. गाडीत मान पुढे पडली की श्वासाची वाट बंद होते आणि आईला वाटतं लेकरू झोपलं. परतीच्या प्रवासातही हाच धोका असतो. मूल पूर्ण जागं होऊन, मान स्वतः सावरून, पाणी पिऊन दाखवेपर्यंत त्याला सोडू नये. भिवापूरला जायचं असेल तर शहरातल्या मुलापेक्षा जास्त वेळ थांबवायला हवं, आणि वाटेत गाडी चालवणाऱ्याशिवाय दुसरं माणूस त्याच्याकडे बघत बसलेलं हवं.

भूलतज्ज्ञाच्या बाजूला आणखी काही गोष्टी जमा होतात. लहान वयातल्या भुलेचा मेंदूवर परिणाम होतो का, ही भीती पालकांना असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल देण्याविषयी सावध केले. दुसरीकडे, तान्ह्या बाळांना एकदाच दिलेल्या तासाभराहून कमी भुलेचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पाचव्या वर्षी बुद्धिमत्तेत फरक आढळला नाही. म्हणजे एका तपासणीच्या गुंगीने मूल मंद होईल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. काही मुलांसाठी मात्र गुंगी देताना जादा काळजी लागते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाची जीभ तुलनेने मोठी, श्वासाची वाट अरुंद आणि मानेचे सांधे सैल असू शकतात. रात्री मोठ्याने घोरणारे, टॉन्सिल वाढलेले, सर्दी-खोकला झालेले मूल असेल तर ते भूलतज्ज्ञाला आधी सांगितलेच पाहिजे. अशा वेळी तारीख पुढे ढकलणे शहाणपणाचे. काही मुले गुंगीच्या औषधाने शांत होण्याऐवजी उलट बिथरतात. मागे कधी तसे झाले असेल तर तेही सांगावे.

शिक्षिका : हे सगळं ऐकल्यावर माझा आग्रह वाढतोच. जे लेकरू थोड्या तयारीने जागेपणी पडून राहू शकतं, त्याला हा उपवास, ही सुई, हे थांबणं कशाला? साधारण सहा-सात वर्षांपुढची बरीच मुलं तयारी असेल तर गुंगीवाचून तपासणी करू शकतात. अक्षमता असलेल्या मुलांतही अशी कितीतरी असतात. पण त्यांना विचारतंच कोण? कागदावर ‘दिव्यांग’ दिसलं की औषध ठरलेलं.

हा आक्षेप न्याय्य आहे. औषधाचा निर्णय मुलाच्या निदानावरून होऊ नये, त्याच्या सवयींवरून व्हावा. डिस्लेक्सिया म्हणजे वाचनाची अक्षमता असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला यंत्राचे काम तोंडी सांगितले तर ते उत्तम समजते. तिला अडचण येते ती भिंतीवरच्या सूचना वाचण्यात, फॉर्म भरण्यात, ‘उजवा हात वर, मग डावीकडे वळ’ अशी लांबलचक आज्ञा लक्षात ठेवण्यात. तिला एका वेळी एकच गोष्ट सांगितली आणि हात दाखवून सांगितली, तर बहुधा आणखी काही करावे लागत नाही. अतिचंचल मुलाला तुकड्यांमधली विश्रांती उपयोगी पडते, आणि तो रोज औषध घेत असेल तर तपासणीच्या दिवशी ते घ्यावे का हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. स्वमग्न मुलाची खरी लढाई आवाजाशी, चौकटीशी आणि अचानक होणाऱ्या बदलाशी असते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला वयाऐवजी समजेच्या पातळीवरून, ठोस शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

तयारीत सर्वांत मोठा अडसर घरातच असतो. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी ऐकत वाढलेल्या मुलाला रुग्णालयाचे दार म्हणजे शिक्षा वाटते. ही धमकी थांबवणे ही तयारीची पहिली पायरी. दुसरी, खोटे न बोलणे. ‘जत्रेला चाललो’ असे सांगून गाडीत बसवलेले मूल त्या दिवशी फसते, पण पुढच्या वेळी कोणत्याही गाडीत बसायला तयार होत नाही. सुई लागणार असेल तर ‘दुखणार नाही’ म्हणू नये. ‘थोडं टोचेल, मी पाच म्हणेपर्यंत, मग संपेल’ असे म्हणावे आणि पाचाला खरोखर संपवावे. फोटोसाठी शिरेतून औषध द्यायचे असेल तर सुईच्या जागी तासभर आधी लावायचे बधिरतेचे मलम मिळते. ते वापरता येईल का, हे विचारायला संकोच नको.

शिक्षिका : मुलाला काय घडणार हे क्रमाने कळलं पाहिजे. चित्रं काढा, नाहीतर त्या जागेचे मोबाइलवर फोटो मागवा. ‘मी आईसोबत गाडीने नागपूरला जाणार. एक ताई माझं नाव विचारेल. मी चप्पल आणि बेल्ट काढणार. मी पाटावर झोपणार. माझ्या तोंडावर जाळी बसवतील. मला तिच्यातून दिसेल. मशीन ठक-ठक करेल. मी दगडासारखा राहीन. आवाज थांबला की ताई बोलेल. मग आई येईल आणि आम्ही केळी खाऊ.’ एवढंच. रोज एकदा, त्याच शब्दांत.

अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या सुमारास स्वमग्न मुलांसाठी अशा छोट्या गोष्टींची पद्धत घडवली. गोष्ट मुलाच्या तोंडची, घटना खऱ्या आणि क्रम पक्का असतो. शेवटी काय मिळणार हे ठाऊक असल्याने मुलाला संकटाचा अंत दिसतो. येथे सजावटीचा मोह आवरावा लागतो. जीई कंपनीचे डिझायनर डग डाइट्झ यांनी आपण घडवलेल्या यंत्रासमोर एका लहान मुलीला रडताना पाहिले आणि पुढे पिट्सबर्गच्या बाल रुग्णालयात यंत्राची खोली समुद्री चाच्यांच्या जहाजासारखी रंगवून घेतली. बऱ्याच मुलांना अशा खोलीची भीती वाटत नाही, ही चांगलीच गोष्ट. पण शब्दशः अर्थ घेणाऱ्या स्वमग्न मुलाला ‘हे रॉकेट आहे’ असे सांगितले तर ते उडण्याची वाट पाहते, किंवा उडेल म्हणून घाबरते. त्याला यंत्राला यंत्रच म्हणून सांगावे.

सरावाला महागडे काही लागत नाही. मुलाला खाटेखाली किंवा टेबलाखाली चटईवर झोपवावे, बाजूंनी चादर सोडावी. चेहऱ्यावर आधी दूर धरलेली, मग हळूहळू जवळ आणलेली बांबूची टोपली किंवा प्लास्टिकची जाळीची परडी धरावी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना घड्या घातलेले टॉवेल ठेवावेत. यंत्राचे आवाज मोबाइलवर मिळतात. पहिल्या दिवशी ते दुसऱ्या खोलीतून, अगदी हळू ऐकवावेत आणि मूल खेळत असताना ऐकवावेत. आवाज वाढवायचा तो मुलाने सहन केल्यावरच. मुलांचा ‘स्टॅच्यू’चा खेळ येथे फार कामी येतो : पहिल्यांदा दहा आकडे मोजेपर्यंत, मग एक मिनिट, मग आवाजासह दोन मिनिटे, मग चार. कपाळावर एक बिंदी किंवा कागदाचा तुकडा ठेवून ‘तो पडू द्यायचा नाही’ असे सांगितले की न हलणे म्हणजे काय हे मुलाला अंगानेच कळते. आधी बाहुलीची तपासणी मुलाने स्वतः करावी, हेही उपयोगी. रोजची दहा मिनिटे पुरतात. मूल रडले तर तेथेच थांबून आदल्या दिवशीच्या जमलेल्या पायरीवर परत यावे आणि त्या पायरीवर सराव संपवावा. रडून संपलेला सराव पुढच्या दिवसाची भीती वाढवतो.

भूलतज्ज्ञ : चांगलं आहे. आमच्या बाजूला याने एक गोष्ट बदलते, हे मी मोकळेपणाने सांगतो. घरचे सांगत असतील की चार मिनिटं पडून राहतो, तर मी औषध लगेच देणार नाही. आधी एकदा जागेपणी करून बघू म्हणेन. पण मलाही एक हमी द्या. मूल नाहीच राहिलं तर हातपाय दाबून धरून फोटो काढायचा हट्ट करू नका. दोघा-तिघांनी दाबून धरलेलं लेकरू फोटो तर बिघडवतंच, शिवाय पुढच्या दहा वर्षांत कोणालाही अंगाला हात लावू देत नाही. त्यापेक्षा माझं औषध दयाळू आहे.

शिक्षिका : ही हमी दिली. दाबून धरण्यापेक्षा गुंगी बरी, यावर माझं दुमत नाही. पण मग ती मागे ठेवलेली सोय असू द्या, पहिलं पाऊल नको.

येथे एक व्यवहाराचा पेच उरतो. जागेपणी प्रयत्न करून तो फसला आणि मग गुंगी द्यायची ठरली, तर मूल उपाशी असावे लागते. आणि उपाशी मूल जागेपणी स्थिर राहण्याची शक्यता कमी. दोन्ही दारे एकाच दिवशी उघडी ठेवता येतातच असे नाही. मूल पाऊणशे किलोमीटरवरून येणारे असेल, तर निर्णय नागपूरला पोहोचल्यावर घेणे म्हणजे फार उशीर. तारीख घेतानाच, सरावात मूल किती वेळ टिकते हे पाहून ठरवावे. चार मिनिटे टोपली आणि आवाजासह टिकणाऱ्या मुलाला पोटभर न्याहारी देऊन, जागेपणाच्या तपासणीसाठी न्यावे. अर्धा मिनिटही न टिकणाऱ्या मुलासाठी सरळ गुंगीची तारीख, सकाळचा पहिला नंबर आणि भूलतज्ज्ञ हजर असण्याची खात्री मागावी. मधल्या मुलांसाठी, शक्य असेल तर, गुंगीच्या तारखेलाच सकाळचा थोडा वेळ जागेपणी प्रयत्नासाठी राखून ठेवायला सांगावे. आणीबाणीत यातले काहीच लागू नाही. झटका थांबत नसेल किंवा डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टर ठरवतील तेच करावे.

तपासणीच्या दिवशी सर्वांत आधी धातू काढून ठेवायचा. करदोडा, पैंजण, वाळे, ताईत, केसातल्या पिना, बेल्टचे बक्कल, जरीचे कपडे, आणि आईच्या बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन. यंत्र बंद दिसत असले तरी चुंबक सतत चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा एक तरुण नातेवाईक यंत्राकडे ओढला जाऊन मरण पावला. म्हणून मुलासोबत आत जाणाऱ्याचीही तीच तपासणी होते, आणि अंगात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असलेल्याने आत जाऊ नये. ज्या मुलाचा करदोडा जन्मापासून कमरेवर आहे, त्याला तो अचानक काढणे म्हणजे अंगाचा भाग काढल्यासारखे वाटू शकते. तो आठवडाभर आधी घरीच काढायची सवय करावी. कानातले बोळेही घरी घालून पाहावेत.

आई आत असावी का, याबद्दल आता फारसा वाद राहिलेला नाही, पण हा हक्क आपोआप आला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील रुग्णालये पालकांना ठरावीक वेळीच भेटू देत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयातील दिवसांवर चित्रपट केला, आणि १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांना मोकळा प्रवेश देण्याची शिफारस केली. एमआरआयच्या खोलीत आईने मुलाच्या पायाशी उभे राहून घोटा हलकेच धरून ठेवला तरी बरीच मुले शांत राहतात. सीटीच्या खोलीत मात्र गर्भवती आईने जाऊ नये. एमआरआयच्या वेळीही गर्भारपण आधी सांगावे.

तंत्रज्ञाला दोन विनंत्या करता येतात. पहिली, सर्वांत महत्त्वाचा भाग आधी काढावा, म्हणजे मूल पुढे थकले तरी कामाचा फोटो हाती राहील. दुसरी, प्रत्येक तुकड्याआधी ‘आता चार मिनिटे’ आणि नंतर ‘छान, संपले’ असे माइकवरून सांगावे. मुलाच्या हातात दाबायचा चेंडू देतात. तो दाबला की तंत्रज्ञाला इशारा मिळतो आणि तो तपासणी थांबवतो. मुलाला हे आधीच एकदा करून दाखवावे. थांबवणे आपल्या हातात आहे हे कळलेले मूल बहुधा थांबवत नाही.

भूलतज्ज्ञ : या विनंत्या चार जण करतील तर तंत्रज्ञ ऐकेल. चाळीस जण करतील तर रांग कोसळेल.

शिक्षिका : ही मेहेरबानी नाही, डॉक्टर, कायदा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २५ मध्ये तपासणी आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे, आणि परिस्थितीला साजेसे बदल करून देण्याचे तत्त्व त्या कायद्याच्या गाभ्यातच आहे. सकाळचा पहिला नंबर, गर्दीपासून दूर बसायची जागा, आईला आत येऊ देणे आणि पाच मिनिटे जास्त, हे त्याच तत्त्वात बसते. भूलतज्ज्ञाची अडचणही खोटी नाही. रांग लांब आहे आणि माणसे कमी. पण फसलेली तपासणी पुन्हा करण्यात यंत्राचा जो वेळ जातो, त्यापेक्षा ही पाच मिनिटे स्वस्त पडतात, हे केंद्रांनी स्वतःच्या नोंदी पाहून ठरवावे.

भिवापुरात ही तयारी करून घेणार कोण? पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातर्फे समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे विशेष शिक्षक शाळांत फिरतात. पालघरमधून फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. विकासातील विलंब आणि अक्षमता हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. गावात आशाताई असते. यांच्यापैकी एकाने आईसोबत बसून एक पान लिहिले तरी नागपूरच्या खोलीत बरेच काही बदलते : मूल कोणत्या नावाला ओ देते, दुखले तर कसे सांगते, ‘नको’ कसे दाखवते, कुठे हात लावलेला चालत नाही, काय ऐकवले की शांत होते, कोणती औषधे किती वाजता घेते, पूर्वीची गुंगी, घोरणे, झटके. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत खर्च उचलते. तिचे कार्ड असेल तर त्याचीही नोंद या पानावर असावी. नुसती अध्ययन अक्षमता असलेले मूल या योजनेत बसत नाही.

भूलतज्ज्ञ : ते पान मला आदल्या दिवशी मिळालं तर मी त्याप्रमाणे औषध ठरवीन, आणि नाही लागलं तर देणार नाही.

शिक्षिका : मिळेल. पण तपासणी झाल्यावर त्याच पानाच्या मागे तुम्हीही चार ओळी लिहा. कोणता आवाज सहन झाला नाही, किती तुकडे जागेपणी निघाले, औषध दिलं तर कोणतं, किती, आणि जाग कशी आली.

झटके येणाऱ्या किंवा गाठीवर उपचार चाललेल्या मुलाला पुन्हा स्कॅन लागण्याची शक्यता असते, कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षाने, आणि तेव्हा खोलीतले तंत्रज्ञ बदललेले असतात. रिपोर्टसोबत ते पान फाइलमध्ये लावून ठेवावे आणि त्याची एक प्रत शाळेत ठेवावी.